‘अजून खातोय ना?’ : म्हाताऱ्या, आजारी प्राण्याला केव्हा सोडवायचं

पशुवैद्याच्या दवाखान्यात बाकावर तासभर बसलं, तरी एक वाक्य कानावर पडतंच : ‘अजून खातोय ना, मग राहू दे.’ बोलणारा माणूस निष्ठुर नसतो. तेरा-चौदा वर्षं ज्याला घरच्यासारखं वाढवलं त्याच्या अखेरीचा निर्णय घ्यायची वेळ आली, की माणूस काहीतरी ठाम खूण शोधतो. आपल्या घरांत अन्न ही सगळ्यांत ठाम खूण. पुढ्यातलं संपवलं, म्हणजे जीव बरा आहे. आजारी माणसाची चौकशी करतानाही आपण आधी हेच विचारतो.

प्राण्याच्या बाबतीत मात्र ही खूण दोन्ही बाजूंनी फसवते. पायाच्या हाडाचा कर्करोग फुप्फुसांत पोचल्यावरही लॅब्रॅडॉर वाडगा चाटूनपुसून साफ करू शकतो. उलट एखादं मांजर दुखऱ्या दाढेपायी दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही, आणि दाढ काढली की आठवड्याभरात पुन्हा ओट्यावर उड्या मारतं. एकाच्या वेदना भुकेआड झाकल्या जातात, तर दुसऱ्याचा बरा होणारा आजार शेवटचा वाटतो. म्हणून या लेखात माझं म्हणणं एवढंच आहे : ‘केव्हा’ या प्रश्नाचं सगळ्या प्राण्यांना लागू पडेल असं एक उत्तर नाही. ते त्या त्या आजाराच्या चालीवर ठरतं, आणि ती चाल आजाराचं नाव कळलं त्याच दिवशी डॉक्टरांकडून समजून घ्यायला हवी. आपल्याकडे हे बोलणं फार उशिरा सुरू होतं.

म्हातारपणी कुत्र्या-मांजरांना गाठणाऱ्या आजारांत मूत्रपिंडाचा जुनाट आजार सगळ्यांत ओळखीचा. रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं की घरात सुतक आल्यासारखं होतं. वास्तविक या आजाराच्या चार पायऱ्या मानतात. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरचं मांजर योग्य आहार, भरपूर पाणी आणि कातडीखाली दिलेलं सलाइन यांच्या जोरावर कित्येक महिने, कधी काही वर्षंही, आपल्या तोऱ्यात जगतं. घरातल्या कोणीतरी मानेमागची कातडी चिमटीत उचलून तिच्याखाली सुई टोचायला शिकावं लागतं. सुरुवातीला हात थरथरतो, मग ते संध्याकाळच्या कामांपैकी एक काम होऊन जातं. या आजारात घाई करायचं कारण नसतं. लक्ष ठेवायचं ते सलाइननंतर येणाऱ्या तरतरीवर. आधी ती चार दिवस टिकते, मग दोन, मग त्याच रात्री ओसरते. तोंडाला अमोनियासारखा दर्प, हिरड्यांवर आणि जिभेवर व्रण, सतत ओकाऱ्या, पाण्याच्या भांड्याशी जाऊन नुसतं बसून राहणं, हे दिसू लागलं की चौथी पायरी आली. तिथून पुढे सलाइनने दिवस वाढतात, पण त्या दिवसांत मळमळीखेरीज फारसं काही उरत नाही.

हृदयाच्या आजाराची चाल वेगळी. पामेरियन, स्पिट्झसारख्या लहान चणीच्या कुत्र्यांत हृदयाची झडप म्हातारपणी सैल पडते आणि पुढे फुप्फुसांत पाणी साचू लागतं. या कुत्र्यांचा मालक घरबसल्या एक मोजमाप घेऊ शकतो : कुत्रा गाढ झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजायचं. आकडा ३०च्या आत असला तर ठीक. सारखाच ३०च्या वर जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पाणी उतरतं, कुत्रा पुन्हा जिना चढतो, आणि घरचे म्हणतात, सावरला. सावरतोही. मात्र प्रत्येक झटक्यानंतर मधलं बरं अंतर आखडत जातं. ऑक्सिजनवर ठेवण्याची पाळी आधी चार महिन्यांनी येते, मग महिन्याने, मग आठवड्याने. शेवटचा झटका बहुधा रात्री दोन वाजता येतो, दवाखाना बंद असतो, आणि कुत्रा कोपरं फाकवून, मान ताणून, तोंड उघडं टाकून हवेसाठी धडपडत जातो. ज्यांनी ते पाहिलं आहे, ते दुसऱ्या कुत्र्याच्या वेळी तो झटका येईपर्यंत थांबत नाहीत.

प्लीहेच्या एका जातीच्या कर्करोगात तर चाल अशी नसतेच. जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर अशा मोठ्या कुत्र्यांत तो आढळतो. सकाळी फिरून आलेला कुत्रा दुपारी अचानक कोसळतो, हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, पोटात रक्तस्राव झालेला असतो. कधी तो रक्तस्राव आपोआप थांबतो, कुत्रा संध्याकाळी उठून शेपूट हलवतो, आणि मग सोनोग्राफीत गाठ सापडते. शस्त्रक्रिया करूनही बहुतेकदा हाती काही महिनेच येतात. पुढचा रक्तस्राव केव्हा होईल ते कोणी सांगू शकत नाही. परदेशी पशुवैद्यांत एक वाक्य रूढ आहे आणि आता आपल्याकडचे तरुण डॉक्टरही ते बोलतात : एक दिवस उशीर होण्यापेक्षा एक आठवडा लवकर बरं. या गाठीच्या आणि हृदयाच्या बाबतीत मला ते पूर्ण पटतं. मूत्रपिंडाच्या दुसऱ्या पायरीवरच्या मांजराला तेच वाक्य लावलं, तर आपण त्याचं उन्हातलं एक अख्खं वर्ष हिरावून घेऊ. सगळे आजार एकाच वाक्यात बसवायला गेलं की असं होतं.

सांध्यांचा आणि पाठीच्या कण्याचा आजार रेंगाळतो. तिथे एकही दिवस आदल्या दिवसापेक्षा वेगळा दिसत नाही. आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत फरशा म्हाताऱ्या कुत्र्याच्या वैरी असतात. मागचे पाय फाकतात, उठताना तो दोनदा घसरतो आणि तिसऱ्यांदा उठायचा विचारच सोडून देतो. पुण्यातल्या एका घरी मी पाहिलंय : दिवाणखान्यापासून गॅलरीपर्यंत जुन्या चटया आणि तरटं शिवून एक पायवाट अंथरलेली, तीवरून चौदा वर्षांची जर्मन शेफर्ड कुत्री संथपणे जायची, गॅलरीत बसून रस्ता बघायची. फरशीवर पाय पडला की थांबायची, कोणीतरी उचलून पुन्हा वाटेवर ठेवायचं. घरात पाहुण्यांना चालायला जागा नव्हती. तिचे डॉक्टर म्हणाले, या चटयांनी तिला सहा महिने मिळाले, माझ्या गोळ्यांनी नव्हे. वेदनाशामकं, फिजिओथेरपी, वजन आटोक्यात ठेवणं, पोटाखालून पंचा घालून मागचा भाग उचलणं, हे सगळं करून झाल्यावर मग प्रश्न उभा राहतो. तो बहुधा उठता न येण्यापेक्षा स्वच्छतेपाशी येऊन ठेपतो. जन्मभर घर न बिघडवलेला कुत्रा स्वतःच्या लघवीत पडून राहतो, अंगाला व्रण पडतात, पावसाळ्यात त्यांवर माश्या बसतात. जवळ गेलं की तो तोंड फिरवतो. कुत्र्याला लाज वाटते का, यावर शास्त्रज्ञ वाद घालतील. त्याला ते सोसवत नाही एवढं मात्र कोणालाही दिसतं.

आणि मेंदूचं म्हातारपण. रात्रभर येरझाऱ्या, कोपऱ्यात तोंड घालून अडकून राहणं, दाराच्या बिजागरीकडच्या बाजूने बाहेर जायला पाहणं, ओळखीच्या हाताला दचकणं. शरीर धडधाकट, भूक उत्तम. इथे कोणताही अहवाल मदतीला येत नाही, आणि निर्णय घ्यायला सगळ्यांत कठीण प्रकार हाच. औषधांनी काहींना काही काळ बरं वाटतं. ज्याला दिवसाचे बहुतेक तास भीतीत काढावे लागतात, त्याला शारीरिक दुखणं नाही म्हणून ठेवून घेणं मला योग्य वाटत नाही.

ज्याला शेवट समजून लोक घाई करतात, अशाही काही गोष्टी आहेत. म्हातारा कुत्रा एका सकाळी अचानक मान वाकडी करून गोल गोल फिरू लागतो, पडतो, ओकतो, त्याचे डोळे एका बाजूला झटके देत राहतात. घरचे अर्धांगवायू समजून ‘सोडवा आता’ म्हणत येतात. पुष्कळदा हा आतल्या कानातल्या तोलाच्या यंत्रणेचा बिघाड असतो आणि काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत, कुत्रा बराचसा सुधारतो. कधी मान थोडी तिरकी राहते, इतकंच. जखमेत अळ्या पडलेला रस्त्यावरचा कुत्रा बघवत नाही, पण अळ्या काढून, जखम धुऊन, नीट मलमपट्टी केली तर असे कितीतरी कुत्रे खडखडीत बरे होतात. जननेंद्रियावर फुलकोबीसारखी वाढणारी, रक्त गाळणारी एक गाठ भटक्या कुत्र्यांत संसर्गाने पसरते. तीही कर्करोगच, पण व्हिन्क्रिस्टीनच्या इंजेक्शनांना फार छान दाद देते. अपघातात कंबर गेलेला तरुण कुत्रा मागे दोन चाकांची गाडी बांधून वर्षानुवर्षं पळतो. बघणाऱ्याला जे भयंकर वाटतं, ते भोगणाऱ्यालाही तसंच असेल असं नाही. याच्या उलटही खरं. कपाटाखाली शांत बसलेलं मांजर आतून तळमळत असू शकतं.

वेदना लपवणं प्राण्यांच्या स्वभावातच आहे. मांजरात तर ते टोकाला गेलेलं. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक पट्टी तयार केली, ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. कानांची ठेवण, डोळ्यांचं आकसणं, तोंडाचा ताण, मिशांची दिशा आणि डोक्याची पातळी या पाच गोष्टी ती पाहते. थोड्या सरावाने घरच्या माणसालाही ती वापरता येते. एकंदर जगण्याची प्रत मोजायला अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञ पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली दिलेली पट्टी जगभर वापरतात. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाइटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज ३५च्या वर गेली, तर जगणं अजून सुसह्य आहे असं मानायचं.

या पट्टीचा मोठा फायदा असा, की घरातली चार माणसं वेगवेगळे गुण भरतात आणि मग बोलायला लागतात. पण बेरजेवर माझा विश्वास नाही. श्वास घेणं व्हिलालोबोस यांनी वेदनेच्या खान्यातच धरलं आहे. समजा, दम लागलेल्या कुत्र्याला तिथे एक गुण मिळाला आणि बाकी सहा ठिकाणी आठ-आठ, तर बेरीज ४९ होते. कागद सांगतो उत्तम, आणि कुत्रा गुदमरतोय. स्वतः व्हिलालोबोस वेदना आणि श्वास यांना अग्रक्रम देतात, पण बेरीज करणारा ते विसरतो. त्यापेक्षा स्वयंपाकघरातलं कालनिर्णय बरं. प्रत्येक रात्री त्या दिवसाच्या चौकोनात एक खूण करायची : आज त्याला जगावंसं वाटलं असं दिसलं की नाही. ते कशावरून ठरवायचं, हे तो धडधाकट असतानाच ठरवून ठेवावं. कोणाचा कुत्रा लिफ्टच्या आवाजाला दाराशी जातो, कोणाचं मांजर पेपर उघडला की येऊन त्यावर बसतं. अशा तीन सवयी लिहून ठेवाव्यात. त्यातल्या दोन गेल्या आणि आठवड्यात वाइटाच्या खुणा जास्त झाल्या, की डॉक्टरांशी तारखेबद्दल बोलायची वेळ झाली. रोज बघणाऱ्याला घसरण दिसत नाही, म्हणून हा कागद लागतो.

एवढं कळूनही आपण थांबतो, आणि त्यामागे नुसता हळवेपणा नसतो. या मातीत त्याला फार जुना आधार आहे. मुंबईत १८३२ साली भटके कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल झाली, त्यात पारशी समाज पुढे होता. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४मध्ये, जमशेदजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. म्हाताऱ्या, लंगड्या, निरुपयोगी जनावराला मरेपर्यंत सांभाळायचं, मारायचं नाही, ही तिची कल्पना. जैन विचारात दयेपोटी केलेली हत्याही हत्याच. सल्लेखनेत माणूस स्वतःच्या संकल्पाने देह ठेवतो, पण दुसऱ्याच्या वतीने तो संकल्प कोणी करू शकत नाही. ‘त्याचे भोग त्याला भोगून संपवू दे’ असं एखाद्या घरातली आजी म्हणते, तेव्हा ती याच परंपरेतून बोलत असते. त्या बोलण्याला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणाऱ्या नातवंडांशी माझं जमत नाही. आपल्या सोयीसाठी आपण जीव घेत नाही ना, हा धाक तिने घरात जागा ठेवलेला असतो.

याच परंपरेच्या पोटातून तिला दिलेलं सगळ्यांत धीट उत्तरही आलं. १९२८ साली साबरमती आश्रमातलं एक वासरू जायबंदी होऊन असह्य यातनांत पडलं होतं. कूस बदलणंही त्याला जमत नव्हतं, उपाय नाही असं वैद्यांनी सांगितलं होतं. गांधीजींनी आश्रमातल्या लोकांशी चर्चा केली, मतभेद ऐकून घेतले आणि शेवटी डॉक्टरांकरवी इंजेक्शन देऊन त्या वासराला सोडवलं. दोन मिनिटांच्या आत सगळं आटोपलं. मग त्यांनी ते लपवलं नाही, ‘यंग इंडिया’त सविस्तर लिहिलं, आणि देशभरातून संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. पत्रं लिहिणाऱ्यांना उत्तर देताना त्यांनी अशा कृतीसाठी चार अटी मांडल्या : आजार असाध्य असावा, संबंधित सगळ्यांनी जगण्याची आशा सोडलेली असावी, कोणतीही सेवा-शुश्रूषा उपयोगी पडण्यापलीकडे गोष्ट गेलेली असावी, आणि रुग्णाला स्वतःची इच्छा सांगता येणं अशक्य असावं. आज कुठल्याही पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकवावं असं हे टिपण आहे. तिसरी अट मला सगळ्यांत मोलाची वाटते. सेवा करून पाहिल्याशिवाय सुटकेचा हक्क मिळत नाही, असा तिचा अर्थ. ज्याने चटया अंथरल्याच नाहीत, त्याने कुत्रा उठत नाही म्हणून इंजेक्शन मागू नये.

माणसांच्या बाबतीत, इच्छामरणाबद्दलच्या अरुणा शानबाग प्रकरणातल्या २०११च्या निकालापासून आपली न्यायालयं रुग्णाची स्वतःची इच्छा, नातेवाइकांचं म्हणणं, डॉक्टरांचं मंडळ अशा अनेक चाळण्या लावत आली आहेत. प्राण्याबाबत कायदा मोजकं बोलतो. १९६०च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं तेरावं कलम, जिवंत ठेवणंच क्रूरपणाचं ठरेल अशा प्राण्याला मारण्याची वाट मोकळी ठेवतं. त्याच कायद्यात अनावश्यक क्रूर रीतीने मारणं हा गुन्हा आहे, हृदयात स्ट्रिक्नीन टोचण्याचा तर त्यात नावाने उल्लेख आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी २०२३चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत. असाध्य आजाराच्या किंवा प्राणांतिक जखमी कुत्र्यालाच, नेमलेल्या पथकाने निदान केल्यावर, पात्र पशुवैद्याने वेदनारहित रीतीने मरण द्यायचं, आणि तेही दुसऱ्या कुत्र्यासमोर नाही. घरच्या प्राण्याबाबत व्यवहारात मालकाची लेखी संमती आणि नोंदणीकृत पशुवैद्याचा निर्णय यांवर काम चालतं. म्हणजे भार जवळपास पूर्ण तुमच्यावर.

या मोकळिकीचा दुसरा चेहराही बघून ठेवला पाहिजे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध जाहीर झालं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एकट्या लंडनमध्ये सुमारे चार लाख पाळीव कुत्री-मांजरं त्यांच्या मालकांनी मारवून घेतली, असं इतिहासकार हिल्डा कीन यांनी दाखवून दिलं आहे. बॉम्ब पडायचे होते, अन्नटंचाई यायची होती, प्राणी ठणठणीत होते. सरकारचा तसा हुकूमही नव्हता. याउलट जर्मनीचा कायदा वाजवी कारणाशिवाय प्राण्याला मारू देत नाही. आपल्याकडे बदली झाली, नव्या सोसायटीत कुत्रा चालत नाही, बाळ येणार आहे, अशा कारणांनी धडधाकट कुत्रा टेबलावर आणणारे आहेत, आणि त्यांना परत पाठवणारे डॉक्टरही आहेत. त्या डॉक्टरांचं मला कौतुक वाटतं, कारण नकार देणं सोपं नसतं : परत गेलेला माणूस कधी कधी कुत्र्याला हायवेवर सोडून येतो, आणि दोष डॉक्टरांच्या मनाला लागून राहतो.

पैशाचं मात्र मी वेगळं मानतो. प्राण्यांचा विमा आपल्याकडे अजून थोड्या घरांत पोचलाय. डायलिसिस, केमोथेरपी, अतिदक्षता यांचा खर्च महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला परवडत नाही. हे डॉक्टरांसमोर उघड बोलायची लोकांना शरम वाटते, म्हणून ते ‘बघतो’ म्हणून निघून जातात, आणि प्राणी ना उपचार ना सुटका अशा स्थितीत घरी पडून राहतो. खर्चाची मर्यादा पहिल्याच दिवशी सांगावी. चांगला डॉक्टर त्या मर्यादेत वेदना कमी ठेवण्याची आखणी करून देतो. वेदना कमी ठेवण्यातही आपल्याकडे अडचण आहे. मॉर्फिनच्या जातीची प्रभावी औषधं अमली पदार्थविषयक कायद्याच्या कागदपत्रांमुळे छोट्या दवाखान्यांत सहसा नसतात. माणसांच्या गोळ्या परस्पर देणं तर जिवावर बेततं, मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही मारू शकते. ‘नैसर्गिकपणे जाऊ दे’ म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावं. झोपेत शांतपणे मरण फार थोड्या प्राण्यांच्या वाट्याला येतं, आणि पुरेशा वेदनाशामकांशिवायचं नैसर्गिक मरण पुष्कळदा लांबत जातं.

लोक ज्याला घाबरतात ती प्रत्यक्ष क्रिया मात्र, नीट केली तर, फार शांत असते. आधी स्नायूत गुंगीचं इंजेक्शन. पाच-दहा मिनिटांत प्राणी जड होतो, डोकं टेकवतो. पुढच्या पायावरचे केस थोडेसे काढून शिरेत सुई लावतात. मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. परदेशात बहुधा पेंटोबार्बिटल वापरतात, आपल्याकडे त्याऐवजी थायोपेंटोन किंवा प्रोपोफॉल देऊन पूर्ण भूल आल्यावर हृदय थांबवणारं क्षाराचं द्रावण देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. इथे मालकाने एक प्रश्न आवर्जून विचारावा : ‘डॉक्टर, आधी पूर्ण भूल देणार ना?’ भुलीशिवाय दिलेलं पोटॅशियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम सल्फेट हे क्रौर्य आहे, अमेरिकी पशुवैद्यक संघटनेची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात. हा प्रश्न विचारला म्हणून चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही. औषध गेल्यावर एक-दोन मिनिटांत श्वास थांबतो, डॉक्टर स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकतात. डोळे उघडेच राहतात. काही वेळाने एखादा खोल उसासा येतो, अंगावर शहारा जातो, लघवी होते. तो जिवंत झालेला नसतो, स्नायू सुटत असतात. हे आधी कोणी सांगितलेलं नसेल, तर तो एक उसासा माणसाला वर्षभर छळतो.

जवळ थांबायचं की नाही? थांबवत असेल तर थांबावं. दवाखान्याच्या वासाने घाबरलेल्या प्राण्याला ओळखीचा हात लागला की गुंगी लवकर चढते. अनेक डॉक्टर आता घरी येतात, तेच मला उत्तम वाटतं. लहान मुलांना मोती गावाला गेला, शेतावर पाठवला, असं सांगू नये. ती वाट बघत बसतात, आणि पुढे कधीतरी खरं कळतं तेव्हा कुत्र्याबरोबर आई-बाबांवरचा विश्वासही जातो. सहा-सात वर्षांच्या मुलालाही ‘तो बरा होणार नव्हता, त्याला फार दुखत होतं, म्हणून डॉक्टरांनी औषध देऊन त्याचं दुखणं आणि जगणं दोन्ही थांबवलं’ हे समजतं.

मोठ्यांचं जास्त अवघड. परदेशात असलेली मुलगी व्हिडिओ कॉलवर रडत म्हणते, मी डिसेंबरात येते, तोवर थांबा. घरी बाबा रात्री दोनदा उठून कुत्र्याची कूस बदलत असतात. मला विचाराल तर जो रात्री उठतो त्याचं मत वजनदार. मुलीने आजच बोलून घ्यावं, कुत्र्याला तिचा आवाज ऐकवावा, आणि तारीख बाबांवर सोडावी. डॉक्टरांना लोक विचारतात, ‘तुमचा असता तर काय केलं असतं?’ पुष्कळ डॉक्टर हा प्रश्न टाळतात. टाळू नये. तोच एक प्रश्न असा आहे, ज्याला फॉर्मवर रकाना नसतो आणि ज्याच्या उत्तराची त्या माणसाला खरी गरज असते.

नंतरच्या व्यवस्थेबद्दल दोन शब्द. मुंबईत मालाडला महापालिकेची गॅसवर चालणारी प्राण्यांची दाहिनी २०२३मध्ये सुरू झाली. इतर शहरांत आणि गावांत काय सोय आहे ते आधीच विचारून ठेवावं, त्या दिवशी फोन फिरवत बसायची ताकद नसते. शेतात पुरायचं असेल तर खड्डा खोल हवा. ज्या औषधाने प्राण्याला मरण दिलं ते त्याच्या शरीरात उरतं, आणि ते शरीर उकरून खाणारं जनावर किंवा पक्षी त्याने मरू शकतो. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांच्या मृतदेहांमुळे आपण गिधाडं जवळपास गमावली. पशुवैद्यकात त्या औषधावर २००६ साली बंदी आली, तोवर उशीर झाला होता.

आणि मग आठवड्याभराने, महिन्याने, माणूस स्वतःला विचारू लागतो : लवकर केलं का? उशीर केला का? बहुतेकांना यांपैकी एक प्रश्न पडतोच. कुत्र्यासाठी एवढं काय, असं ऑफिसात कोणी म्हटलं की तो गिळावा लागतो. आपल्या पशुवैद्यांना माझी एक विनंती आहे. आजार असाध्य आहे हे ज्या दिवशी तुम्हाला कळतं, त्याच दिवशी पाच मिनिटं जास्त काढा. या आजाराची चाल कशी असते, शेवट कसा दिसतो, कोणत्या खुणेनंतर मला फोन करा, हे एका कागदावर मराठीत लिहून द्या. आणि सगळं झाल्यावर आठ-दहा दिवसांनी त्या घरी एक फोन करा. परदेशातले काही दवाखाने हे नेमाने करतात. त्याला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि केसपेपरवर मालकाचा नंबर लिहिलेला असतोच.